रॉडच्या बादलीत जपानचा समुद्र

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर रविवारी कुणाच्या तरी पोराला परदेशात बढती मिळते. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. एका रविवारी राहवलं नाही आणि मी बोलून गेलो, "आमची मुलगी जपानजवळच्या समुद्रात तळाच्या पाण्यावर संशोधन करते!" अध्यक्ष खूश. "वा! मग पुढच्या रविवारी तुम्हीच समजावून सांगा."

घरी येईपर्यंत माझं तोंड उतरलं. मुलगी नेमकं काय करते, हे मला ठाऊकच नव्हतं. मोरिवलीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं बॉयलर सांभाळला. पाणी तापवण्याबद्दल मला कुणी शिकवू नये, हा माझा जुना माज. तिनं विषय निवडला तेव्हा मी म्हणालो होतो, "गरम पाणी वर, गार पाणी खाली. ह्यात पीएचडी कसली करायची?" त्यानंतर ती मला कामाचं काही सांगेनाशी झाली. आता ती बोटीवर होती, फोन लागत नव्हता आणि रविवारी चारचौघांत माझं पितळ उघडं पडणार होतं.

बायकोला मात्र सगळं माहीत होतं. मायलेकी एरवी रोज बोलतात.

"अहो, सोपं आहे," मेथी निवडता निवडता ती म्हणाली. "हिवाळ्यात तिथे बोचरं वारं सुटतं. वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि तळाला बुडतं. जाताना हवा घेऊन जातं, म्हणून खालचे जीव जगतात. आता थंडी कमी पडते, म्हणून बुडणंही कमी. खालचं पाणी शिळं व्हायला लागलंय."

म्हणजे समुद्र वरून तापतोय! बॉयलरला आच खालून असते, म्हणून पाणी फिरतं. वरून जाळ लावणारा माणूस माझ्या पाळीत असता तर मी त्याला चांगलाच फैलावर घेतला असता.

रविवारी मी बादली, पाणी तापवायचा रॉड आणि सोबत बायकोला घेऊन हॉलवर गेलो. रॉड मुद्दाम वरच्या वर टांगला. वाफा आल्यावर बटण बंद करून पिन काढली आणि अध्यक्षांना म्हटलं, "घाला बोट." त्यांनी घातलं आणि जोरात आईची आठवण काढली. "आता बादलीच्या बुडाला बाहेरून हात लावा." ते चाट. "अहो, हे तर गारच!" मग रॉडच्या पाण्यानं अंघोळ करताना कोण कसं भाजलं आणि कोण कसं गारठलं, ह्यातच वीस मिनिटं गेली. समुद्र राहिला बाजूला. एकानं विचारलं, "ह्यानं पापलेट महाग होणार का?"

उल्हासनगरहून येणारे एक सिंधी कापडवाले तेवढे मन लावून ऐकत होते. "मतलब वरच्या माळ्यावाल्यांनी हवा अडवली, आणि खालच्यांची वाट लागली. बरोबर?"

"अगदी बरोबर!" माझी छाती फुगली.

"पर साहेब, मुलगी ह्या लाइनमध्ये गेली कशी?"

मी बायकोकडे पाहिलं. हे काही तिनं शिकवलेलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो. टाळ्या पडल्या, चहा आला, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही दिवसांनी बोट बंदराला लागली, तेव्हा फोन मीच उचलला. बादलीची हकिकत ऐकून ती खो खो हसली. मग मी विचारलं, "तू ह्या विषयात का गेलीस गं?"



"बाबा, जेवताना तुम्ही रोज बॉयलरचंच बोलायचात. आई कंटाळून उठून जायची. पाणी फिरायचं थांबलं की आतली नळी जळते आणि बाहेरून कुणाला कळतही नाही, असं सांगायचात. मी ऐकत होते ना."

इतकी वर्षं ती ऐकत होती. मला स्वतःची लाज वाटली. फोन कानाला धरून मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "आता तू सांग."