आत्तीच्या जागी मी दिलेली उत्तरं

आत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांना विचारत होते, "भूक लागते का?" माझं कामच ते. म्हाताऱ्या माणसाला पुढे कसली मदत लागेल हे ठरवण्याआधी त्याचं जगणं कसं चाललंय, याचे वीस-बावीस प्रश्न विचारायचे आणि गुण मांडायचे. प्रश्न त्या माणसालाच विचारायचे, हा पहिला नियम. तो मी एकदाच मोडला... माझ्याच आत्तीच्या बाबतीत.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. कोल्हापुरात तिनं जन्मभर ब्लाउज शिवले. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला पहिल्या मजल्यावरच्या खोलीतून खाली उतरता येईना. तिचा मुलगा प्रकाश पुण्याला. "बाई ठेवून आईला घरीच राहू देऊ, की एखाद्या वृद्धांच्या केंद्रात ठेवू? तुला त्यातलं कळतं, तूच सांग," तो म्हणाला. मी रविवारी सकाळी गेले तेव्हा आत्तीला औषधाची गुंगी होती आणि मला घाई. तिच्या खाटेशेजारी बसून प्रश्नांच्या कागदावर खुणा मीच केल्या. बाहेर जाता येतं? नाही. आवडीचं काम होतं? नाही. एकटं वाटतं? खूप. गुण इतके कमी आले की प्रकाशनं पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका वृद्धसेवा केंद्रात तिची सोय केली.

निघायच्या दिवशी शेजारच्या शकीलाभाभी रडायला लागल्या. रोज दुपारी गल्लीतल्या पोरी कापड घेऊन वर यायच्या म्हणे, आत्ती खाटेवरून त्यांना ब्लाउज कापायला शिकवायची. "आक्का एकटी कुटं हुती गं? आमालाच बसायला जागा मिळायची न्हाय!" मी फक्त रविवारी सकाळची जाणारी, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण प्रकाशनं रजा काढली होती, गाडी खाली उभी होती... मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून खुपतं.

केंद्र वाईट नव्हतं. स्वच्छ खोली, बाग, वेळेवर जेवण. पंधरा दिवसांनी मी तोच कागद घेऊन तिच्यासमोर बसले आणि पहिला प्रश्न विचारला. आत्ती हसली. "आता इचारतीस व्हय? तवा का न्हाय इचारलंस?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "लिही, बरं हाय म्हणून. तुला कुनाला तरी दाखवायचं आसंल की." मी काहीच लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात तिला घरी आणायचं, असं प्रकाशशी बोलून ठेवलं. त्याआधीच तिला न्यूमोनिया झाला.

गेल्या आठवड्यात केंद्रातून तिची पिशवी आणली. दोन लुगडी, चष्मा आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र. तिथं कात्री ठेवू देत नाहीत. आत्तीनं नखानं घडी दाबून दाबून कागद फाडला होता... ब्लाउजची पाठ, पुढचे दोन भाग, एक बाही. कडा अगदी सरळ. हे कुणासाठी, ते विचारायला मी तिची देखभाल करणाऱ्या मावशींना फोन केला.

"माजंच माप ते," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं शिकवत हुत्या मला. बाहीपतोर आलतो आमी."