पस्तीसची लेन्स

विनीतचा जामसंड्यात फोटो स्टुडिओ होता. लग्नं-मुंजी तो करायचा; पासपोर्टचे फोटो आणि अल्बमचं काम त्याची बायको भक्ती बघायची. एका लग्नाहून परतताना तळेऱ्याच्या फाट्यावर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि तो जागीच गेला. कॅमेऱ्याची बॅग चाकाखाली आली होती. आतलं मेमरी कार्ड तेवढं शाबूत राहिलं.

बाराव्याला लावायला फोटो हवा होता. भक्तीने संगणक उघडला. हजारो फोटो होते, सगळे दुसऱ्यांचे. विनीत कुठेतरी आरशात, कुठे नुसती सावली. शेवटी एका पाहुण्याच्या मोबाइलमध्ये पंगतीतला एक फोटो सापडला. तिने त्यातला त्याचा चेहरा कापून मोठा केला. डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग उरले. हे काम तिने आजवर कितीतरी घरांसाठी केलं होतं. लोक लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘ह्यातली आमची आई तेवढी काढून दी.’ चेहरा फुटायचाच. ते तसाच घेऊन जायचे.

कार्डावरच्या लग्नाचा अल्बम तिने पुरा करून दिला आणि स्टुडिओ बंद ठेवला. पावसाळा सरल्यावर एक दिवस ती धाकट्या दिराला म्हणाली, “ओमकार, माका कॅमेरो घेवचो आसा. कोल्हापुराक येशीत?”

दुकानात ओमकारने मोठा कॅमेरा उचलून तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्याला लावला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. मनगट भरून आलं होतं. दुसरा लहान होता, बोटं नीट बसत होती. तो तिने बाजूला काढला.

“आता लांब पल्ल्याची लेन्स घी, वयनी,” ओमकार म्हणाला. “लग्नात लांबसून काढूक व्हयी.”

“माका लांबसून काढूचे नाय आसत.”

तिने दुकानदाराला सांगितलं, “घरात फ्लॅश न मारता काढायचेत. माजघरात. म्हातारी माणसं दिपतात.”

दुकानदाराने दोन छोट्या लेन्स पुढे ठेवल्या, एक पन्नास मिलिमीटरची, एक पस्तीसची. “दोन्ही कमी उजेडात चालतात, ताई. झूम मात्र नाही. पुढं-मागं तुम्हालाच व्हावं लागेल.”

तिने मागच्या गोदामातला दिवा घालवायला सांगितलं आणि ओमकारला खोक्यावर बसवलं. पन्नासमधून त्याला चौकटीत नीट बसवायला मागे सरावं लागलं, सरता सरता पाठ भिंतीला टेकली. पस्तीस लावल्यावर ती त्याच्यासमोर बसू शकली, बोलता येईल इतक्या अंतरावर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून तिने डोळे पाहिले. पापण्या दिसत होत्या. विनीतपेक्षा ओमकारची हनुवटी वेगळी, पण डोळे तेच. ती बराच वेळ बघत राहिली.

पस्तीसची घेऊन ते परतले.

म्हाताऱ्या माणसांचे फोटो घरी येऊन काढून देते, असं तिने ओळखीच्यांना कळवलं. पहिलं बोलावणं मसुऱ्याहून आलं. तिथल्या गणपतची आई, माई, बरेच महिने अंथरुणाला होती. भक्ती गेली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. खिडकीतून तिच्या एका गालावर उजेड येत होता. भक्ती खाटेशेजारी पाटावर बसली.

माईने कॅमेऱ्याकडे पाहिलं. “ह्यो मी गेल्यावर लावूचो, व्हय मां?”

दारात उभा असलेला गणपत घाईने म्हणाला, “असा काय बोलतंस, आये?”

भक्तीने कॅमेरा मांडीवर घेतला. कॅमेरा कशाला घेतलास असं विनीतच्या घरच्यांनी विचारलं, तेव्हा हे सांगणं तिने टाळलं होतं. ती म्हणाली, “व्हय, माई.”

“मगे वायच थांब. लुगडा बदलतंय.”

सून आनंदीने तिला हिरवं लुगडं नेसवलं, केस विंचरले आणि बाजूला झाली.

“खंय चललंस?” माई म्हणाली. “बस हय. माका एकटीचो नको.”

“आये, भिंतीवर एकटीचोच लावतत,” गणपत म्हणाला.

“तो मागसून काढ. इतकी वर्सा हिनाच माका रांदून घातल्यान.”

आनंदी खाटेच्या कडेला अवघडून बसली. माईने तिचा हात आपल्या हातात ओढून घेतला. भक्ती थोडी पुढे सरकली आणि तिने फोटो काढला. मग एकटीचाही काढला.

माई शिमग्याच्या आधी गेली. एकटीचा फोटो तिच्या घरी लागला. आता लग्नाची कामं भक्तीकडे फारशी येत नाहीत, ड्रोनवाली मुलं ती करतात. पण कुणकेश्वरापासून मसुऱ्यापर्यंतची घरं तिला बोलावतात, माणूस उठता-बसता असतानाच.

वैशाखात आनंदी एकटीच जामसंड्याला आली. तिला दोघींच्या फोटोची छोटी प्रत हवी होती.

“खंय लावतलंस?” भक्तीने विचारलं.

“रांदपाच्या खोलयेत,” आनंदी म्हणाली.