शेवटचं शून्य

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, संगणकाच्या प्रोग्रामला आकड्यांची यादी कशी द्यावी, या प्रश्नावर निवाडा देणारा उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातला एकमेव न्यायाधीश निवर्तला आहे. न्यायालय कायमचं बंद. आरोपी मोकाट आहे आणि हा लेख तोच लिहितो आहे.

न्यायाधीश म्हणजे माझा मित्र जनार्दन म्हात्रे. आनंदनगरच्या कारखान्यात मशीनचे प्रोग्राम सांभाळायचा. दर रविवारी सकाळी त्याच्या बदलापूरच्या घरी आम्ही तिघं जमायचो. तो, मी आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये छपाईचं दुकान असलेला हरेश. खेळ असा, की तिघांनी एकच काम करणारा प्रोग्राम आपापल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचा, ज्याची अक्षरं सर्वांत कमी तो जिंकला. पन्नाशीला टेकलेली माणसं एका स्वल्पविरामासाठी गळे काढायची. वहिनी पोहे ठेवून जायच्या, ते गार व्हायचे...

नियम कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, कपाटाच्या दाराला चिकटवलेले. चौथा नियम यादीचा: ‘कंसात घ्या, ओळीला एक आकडा घ्या, तुमच्या भाषेला सोपं पडेल तसं घ्या. पण यादीत यादीखेरीज काही नको.’ त्या दोघांच्या भाषांना यादी कुठे संपते ते आपोआप कळायचं. माझी भाषा जुनी, तिला ते कळत नाही. म्हणून मी वर्षानुवर्षं हरायचो. मग एका रविवारी मी यादीच्या शेवटी गुपचूप एक शून्य ठेवलं. शून्य दिसलं की थांब, बस्स! जनार्दनपेक्षा दोन अक्षरं कमी भरली. मी खुर्चीवर उभा राहून स्वतःचा सत्कार सुरू केला.

“उतर खाली,” जनार्दन म्हणाला. “ह्यो शून्य कुठला? मी दिलेल्या यादीत नाय.”

“अरे, माझ्या भाषेला शेवट कळत नाही!”

“यादीतच शून्य आला तर? अर्ध्यातच थांबशील. बाद.”

“जाने दे ना साईं,” हरेश म्हणाला, “बेचारा पहिल्यांदा जीत रहा है.”

“मग त्याला भाषा बदलायला सांग,” जनार्दन म्हणाला.

मी चप्पल घातली. पोहेसुद्धा खाल्ले नाहीत.

पुढची दोन वर्षं मी काय केलं ते अभिमानाने सांगण्यासारखं नाही. दिवाळीला त्याचा फोन आला, मी वाजू दिला. एकदा अंबरनाथच्या भाजीबाजारात त्याने लांबून हात केला, तर मी फ्लॉवरच्या गड्ड्यात अशी काही नजर घातली, जणू त्यात माझं भविष्य लिहिलंय. मान वर केली तेव्हा तो निघून गेला होता. ती शेवटची भेट. भेट कसली... त्यानंतर आला तो हरेशचा फोन. “जनार्दन गया,” एवढंच बोलला आणि रडायला लागला.

तेराव्याला गेलो. घर नातेवाइकांनी भरलेलं. कपाटावर तोच कागद, आणि चौथ्या नियमाखाली लाल शाईत नवी ओळ: ‘यादीत किती आकडे आहेत ते वेगळं सांगितलं तरी चालेल.’

“तुम्ही गेलात ना भाऊजी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलं,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं, फोन करून सांगा. तर म्हणाले, नाय, तो येईल तेव्हा स्वतः वाचू दे. रविवारी तुमची खुर्ची मांडून ठेवायचे.”

दोन वर्षं मांडलेली ती खुर्ची आजही कपाटासमोर होती. मी बसलो. रडू यायला हवं होतं. पण माझं कुजकं डोकं हिशेब करू लागलं. शून्य काढायचं, आकडे किती ते वेगळं घ्यायचं, म्हणजे एक स्वल्पविराम, एक अक्षरी नाव आणि वर उलट मोजायला एक उणे चिन्ह. तीन अक्षरं वाढली. मी जिंकलो होतो दोनाने. त्याने मला दार उघडून दिलं होतं, तेही नेमकं मोजून... आणि सगळ्या नातेवाइकांदेखत, हार घातलेल्या फोटोकडे बघत मी ओरडलो,

“हरामखोरा, म्हणजे तरीही तूच जिंकलास!”