सासूबाईंची तहान

मैत्रिणींनो, दुपारी दवाखान्यातून आल्यापासून सासूबाईंच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या लातूरच्या दुष्काळाचं काय सांगू? टँकर येईल तेव्हा खरा. घरात पाणी मीच काढून देते. त्यात सासूबाईंना महिनाभर सारखी तहान. तांब्यावर तांब्या प्यायच्या, मग सारखं बाथरूमला, तिथं पुन्हा पाणी. मागच्या आठवड्यात मी चिडून बोलले, "आत्या, टँकर काय तुमच्या एकटीसाठी येतो का?"

त्या दिवसापासून त्यांनी पाणी मागणंच सोडलं. मला वाईट वाटलं, म्हणून आमच्याच किराणा दुकानातली गोड कोल्ड्रिंकची बाटली रोज द्यायला लागले. वर समाधान काय, तर तेवढंच पाणी वाचलं!

आज सकाळी त्या चक्कर येऊन पडल्या. तपासलं तर शुगर भयंकर वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तहान लई लागत होती का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं अन् म्हणाल्या, "न्हाई बा. उन्हाळा हाय, तेवढीच."

मग मीच सगळं सांगितलं, बाटल्यांसकट. डॉक्टर म्हणाले, "अहो, ती तहान शुगरचीच होती. अन् तुम्ही त्यावर साखर पाजली."

घरी येऊन तांब्या भरून दिला. त्यांनी अर्धाच प्यायला अन् उरलेला झाकून ठेवला. "राहू दे बाई, भांडी घासायला होईल."

सांगा, आता पोटभर प्या म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?