गोठ्याची मुहूर्तमेढ

मी दुसरं लग्न केलेलं नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं. कारण हडपसरच्या आमच्या सोसायटीत अजूनही दोघेजण मला जिन्यात गाठून "मग काय, पेढे कधी?" असं विचारतात, आणि मंडईजवळ राहणाऱ्या आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, आहेराची साडी अजून परत नेलेली नाही. ("राहू दे तुझ्याकडे. तुझा काय भरवसा!") मी फक्त गोठा उभा करत होतो.

गोठा लोणी काळभोरला. आजोबांनी बांधलेला, अख्खा सागवानी. खांबाला खाच, खाचेत तुळई, आणि सबंध सांगाड्यात औषधालासुद्धा खिळा नाही! माझ्या लहानपणी खाली बैल असत, दोन म्हशी असत आणि वर माळ्यावर कडबा. पुढे जनावरं गेली, शेत गेलं, माणसंही एकेक करून गेली. उरला तो गोठा आणि त्याच्याभोवतीचा जमिनीचा तुकडा. गोठ्याला खालून वाळवी खात होती आणि वरून पाऊस. सुमती गेल्यावर (सुमती म्हणजे माझी बायको, पहिली आणि, सोसायटीतल्या त्या दोघांनी कृपया नोंद घ्यावी, शेवटची!) मी एकदा सहज तिथं गेलो, खांबावर हात ठेवला आणि ठरवून टाकलं, हा नीट करायचा.

आता खरं सांगू? मला गोठ्याची काडीची गरज नव्हती. दुधाची पिशवी रोज सकाळी दाराच्या कडीला येते. पण फ्लॅटमध्ये दिवसभर फ्रिजशिवाय कोणी बोलत नाही, आणि संध्याकाळ झाली की चहा एकट्यासाठी किती टाकायचा हे मला अजून जमलेलं नाही. फार एकटं वाटतं. गोठ्यात निदान चिमण्या तरी भांडत होत्या.

मुलांना हे कुठल्या तोंडानं सांगणार? मुलगी मंजिरी बाणेरला असते. तिनं फोनवर उलटतपासणी घेतली.

"बाबा, गोठ्यात ठेवणार काय?"

"बघू."

"बघू म्हणजे? गाय घेताय?"

"छे! गाय कशाला?"

"मग गोठा कशाला?"

मुलगा निखिल बंगळूरला. तो जास्त समजूतदार. "बाबा, त्यापेक्षा हास्यक्लबात जा ना."

"गेलो होतो. तिथं विनोद सांगत नाहीत."

"मग?"

"नुसतेच हसतात."

शेवटी भवानी पेठेतले उस्मानभाई मिस्त्री मिळाले. यांचे वडील सुतार, आजोबा सुतार. उस्मानभाई स्वतः मुख्यतः वक्ते. सकाळी येत, पटाशी हातात घेत आणि दुपारपर्यंत जुन्या लाकडावर बोलत. पण काम झालं. सांगाडा उतरवला, खांबांचे कुजलेले पाय कापून नवे जोडले, तुळया साफ केल्या आणि खांब-तुळया जोडून चौकटी जमिनीवर आडव्या मांडल्या. आता त्या नुसत्या उचलून उभ्या करायच्या. नुसत्या!

"माणसं लागतील साहेब," उस्मानभाई म्हणाले. "दहा-बारा तरी. माझी कंबर आणि तुमचा खांब एका वेळी उभे राहणार नाहीत. मजूर सांगू?"

"अजिबात नाही. आजोबांच्या वेळी घरचीच माणसं आली होती. आताही घरचीच येतील."

उस्मानभाईंनी मोकळ्या आवाराकडे एक नजर टाकली. "कोणाच्या घरची?"

मला राग आला. मी तिथल्या तिथं घरच्या ग्रुपवर निरोप टाकला. (ग्रुपचं नाव 'आपली माणसं'. सुमतीनं ठेवलेलं.) 'येत्या रविवारी गोठा उभा करायचा आहे. सर्वांनी यावे.' उत्तरं फटाफट आली. निखिलनं अंगठा पाठवला, जावयांनी हात जोडले, मंजिरीनं 'ग्रेट, बाबा!' लिहिलं आणि आक्कानं सूर्योदयाचं चित्र पाठवलं. येतो असं कोणीच म्हणालं नाही. असे तीन रविवार गेले. सूर्य मात्र रोज उगवत होता.

चौथ्या आठवड्यात उस्मानभाई म्हणाले, "निदान मधला खांब तरी रोवून टाकू, तो आपल्याला झेपेल. पण पहिला खांब आहे साहेब. पूजा करून घ्या. माझे वडील मालकाच्या हातचं हळदकुंकू लागल्याशिवाय खांबाला हात लावत नसत."

आता आली पंचाईत! आमच्याकडे पूजेचं सगळं सुमती बघायची. माझं काम नारळ फोडणं, तेही तीन फटक्यांत. मी पुष्कळ डोकं खाजवलं. खांब, पूजा, खांब, पूजा... आणि एकदम आठवलं! मंजिरीच्या लग्नात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तेलाच्या डब्यात वाळू भरून, आम्ही एक खांब पुजला होता. झालं! मी तसंच्या तसं केलं. आंब्याचे डहाळे बांधले. लाल कापडात सुपारी आणि हळकुंड बांधून गाठ मारली. खांबाला हळद लावली, ती निम्मी माझ्या गालाला लागली. नवा झब्बा घातला होताच. खांबाला टेकून मी एक हसरा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रविवारी सर्वांनी यायचंच.' तोच फोटो सकाळी फिरायला येणाऱ्या सोसायटीतल्या मंडळींनाही पाठवला.

मग फोन नेहमीसारखा शेजारच्या शांताबाईंकडे चार्जिंगला लावला (गोठ्यात वीज नाही) आणि हळद धुवायला त्यांच्याच न्हाणीघरात गेलो.

शांताबाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. पुढचे दात नाहीत, पण आवाज खणखणीत. माझं दुपारचं जेवण त्यांच्याकडेच असे. मी बाहेर आलो तर त्या फोन पदराला पुसत होत्या.

"तुमच्या लेकीचा फोन हुता. लई गुणाची पोर. 'बाबा कुठंयत' म्हनली. म्या म्हनलं, आंगुळ करत्यात."

"बरं."

"'तुमी कोन' म्हनली. म्या म्हनलं, मी हितलीच हाय, त्यांचं च्या-जेवान समदं मीच बघती. मेढ रवली, आता रविवारी समदी या, पुरनपोळी करनार हाय."

"मग काय म्हणाली?"

"रडली बगा."

बापाच्या गोठ्यासाठी पोर रडली! मी तिला फोन लावला, तो व्यस्त. निखिलला लावला, तोही व्यस्त. (एकमेकांशी बोलत होते, हे आता कळतंय.) तेवढ्यात ग्रुपवर निखिलचा निरोप आला : 'बाबा, मी रविवारी सकाळच्या विमानानं येतोय. तोपर्यंत प्लीज काहीही करू नका.' मागोमाग मंजिरी : 'आम्ही दोघंही येतोय.' आणि आक्काचा तर फोनच आला. "मी येते आहे. तू कोणाला शब्द देऊ नकोस."

"उस्मानभाईंना दिलाय."

आक्कानं फोन आपटला.

पण मी हवेत होतो! माझी माणसं येणार होती, तीही न बोलावल्यासारखी धावत. मी सतरंज्या धुतल्या. मंडईतून आंबे आणले. उस्मानभाईंना येताजाता ऐकवलं, "घरची माणसं, उस्मानभाई! घरची!"

रविवारी सगळे आले. निखिल विमानतळावरून थेट. मंजिरी आणि जावई गाडीनं. आक्का रिक्षानं, कडक इस्त्रीच्या साडीत, हातात पिशवी. आणि सोसायटीतली सहा माणसं, सेंट लावून! शांताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "या, बसा. आपलंच घर हाय." मंजिरीनं त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि पाणी घेतलं नाही.

निखिलनं मला बाजूला घेतलं. "बाबा, आमचा विरोध नाही. फक्त घाई नको."

"घाई? अरे, पाऊस तोंडावर आलाय!"

"पावसाचा काय संबंध?"

"भिजेल ना!"

"कोण भिजेल?"

"सागवान!"

आक्का पुढे झाली. "विषय बदलू नकोस. कोण आहे ती?"

"कोण ती?"

"या वयात मुहूर्तमेढ रोवतोस, हळद लावून फोटो पाठवतोस आणि वर कोण ती विचारतोस?"

माझ्या हातातला आंबा खाली पडला. मी खांबाकडे पाहिलं. डहाळे, लाल कापड, सुपारी, हळद. मग मी मंजिरीकडे पाहिलं. "अगं, पहिला खांब पुजायचा होता. तुझ्या लग्नात आपण असंच केलं होतं ना? मला तेवढंच येतं. बाकीचं सगळं तुझी आई करायची."

मंजिरीनं शांताबाईंच्या हातातला तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायली.

तेवढ्यात प्रकार शांताबाईंच्या ध्यानात आला आणि त्या जोत्यावर बसून पोट धरून हसल्या. "या म्हाताऱ्यासंगं? आन् मी? मला काय येड लागलंय का?" (मी विचारलेलं नसताना हा नकार मला मिळाला. कार्यवृत्तात नोंद असावी.) सोसायटीच्या मंडळींनी फक्त एवढंच विचारलं, की जेवण आहे ना?

आणि उस्मानभाई? त्यांनी सगळ्यांची डोकी मोजली. "झाली की माणसं! साहेब, भांडण जेवताना करा. आधी चौकटी."

रागावलेल्या माणसाच्या अंगात काय जोर असतो! निखिल, जावई, सेंट लावलेले सहाजण, मी, गल्लीतले दोघे, सगळ्यांनी खांदे लावले. आक्का काठावरून हुकूम सोडत होती, मंजिरी दोर ओढत होती. "हं, उचला! हां, हां, सावकाश! डावीकडे!" एकेक चौकट उठली, उभी राहिली, खाचेत तुळई ठक्कन बसली. दुपारपर्यंत आजोबांचा गोठा आभाळात उभा होता. निखिल हाताचे फोड दाखवत लहानपणासारखा हसत होता. मला वाटलं, हा दिवस असाच धरून ठेवावा.

पुरणपोळी खाताना सगळे माझ्यावर पोट दुखेपर्यंत हसले. मग निखिलनं घड्याळात पाहिलं. त्याचं विमान, मंजिरीची मीटिंग, आक्काची गुडघेदुखी. गाडीत बसताना मंजिरी म्हणाली, "बाबा, खरंच कोणी असतं, तर सांगितलं असतंत ना आम्हाला?"

"तुझा फोन लागला असता तर."

ती हसली, मीही हसलो, आणि गाडी गेली. मग मी एकटाच खांबांच्या मधोमध बसलो. जागा मोठी वाटायला लागली. जनावरं असताना इतकी मोठी कधी वाटली नव्हती. थोडं रडलो. चिमण्या परत येऊन तुळईवर भांडू लागल्या, तेवढाच आवाज.

परवा उस्मानभाई म्हणाले, "साहेब, आता वरचं आढं चढवायचं. माणसं लागतील."

मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आणि एक सूर्योदय आला.

मी उठलो आणि तडक मंडई गाठली. शेजारच्या बोळात लग्नसामानाचं दुकान आहे. मुंडावळ्या मागितल्या.

"कोणाचं लग्न?" दुकानदार.

"गोठ्याचं."

त्यानं चेहरा जराही हलवला नाही. "जोडी घ्यावी लागेल. वराची सुटी मिळत नाही."

"मला एकच हवी आहे."

"एकट्याला कशाला लागते?"

हा प्रश्न बिनतोड होता. मी जोडी घेतली. एक मी बांधली. दुसरी बांधायला कोणीच नव्हतं, म्हणून मधल्या खांबाला बांधली आणि दोघांचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटो छान आलाय. खांब शंभरीचा आहे, पण सगळ्यांचं म्हणणं पडलं, की नवरदेव तोच वाटतो.