जास्तीचं एक भोक

ट्रान्झिस्टरचं आगमन ही मानवाच्या इतिहासात अग्नीच्या शोधाएवढीच मोठी घटना आहे, असं आमच्या साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेत सांगितलं. सभासदांना ते लगेच पटलं. ट्रान्झिस्टर प्रत्येकाच्या ओळखीचा होता. तो गोठ्यात खुंटीला टांगलेला असे.

अध्यक्षांना म्हणायचं होतं ते वेगळं. पुण्यातल्या एका संस्थेत ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक होता, आणि त्या हंगामापासून कुणाचा ऊस आधी तोडायचा हे तो ठरवणार होता. तोवर तोड सभासद क्रमांकाप्रमाणे चाले. एक नंबर अध्यक्षांचा, पुढे संचालक, मग त्यांचे व्याही. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायची सोय नव्हती. आता ऊस लावल्याच्या, म्हणजे लागणीच्या, तारखेप्रमाणे तोड येणार होती. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी.

माझे चुलते, तात्या, फौजेतून उशिरा परतले आणि उशिरा सभासद झाले. कारखाना सांगली जिल्ह्यात, आमचं गाव लांब, शेजारच्या जिल्ह्यात उंब्रजजवळ, त्यामुळे नंबर आणि शेत दोन्ही शेपटाला. लागण वेळेवर करूनही दरवर्षी त्यांच्या उसाला तुरे येत, आत पोकळ पडे, आणि मग तोडणीची टोळी उगवे. मी कारखान्याच्या शेती विभागात कारकून असूनही मला त्यात काही करता येत नसे, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. संगणकाचं ऐकून मात्र ते खूष झाले.

"माणसाला सोयरं असत्यात. मशिनीला न्हाईत," तात्या म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, "सेल किती लागत्यात रं तिला?"

आम्ही भरून पाठवलेल्या माहितीवरून पुण्याला कार्डं तयार झाली आणि तपासणीसाठी आमच्याकडे आली. एका सभासदाचं एक कार्ड, आणि त्याची सगळी माहिती भोकांत. सोबत सूचना होती: कार्डं दुमडू नयेत, भिजवू नयेत, टाचणी लावू नये.

हेडक्लार्कनी सूचना दोनदा वाचली आणि तंतोतंत पाळली. पण सुटा कागद दप्तरात राहत नाही, हा त्यांच्या नोकरीचा पाया होता. त्यांनी दाभण मागवलं. प्रत्येक कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक पडलं आणि त्यातून फीत ओवली गेली. मी शंका काढली.

"आवं, आधीच एवढी भोकं हायत," ते म्हणाले, "त्यात आमचं एक जड झालं व्हय?"

मीही शेजारी बसून फिती ओवू लागलो. तपासणी झाल्यावर त्यांनीच सगळ्या फिती सोडल्या, आणि खोकी घेऊन मी एसटीने पुण्याला गेलो.

तिथे चपला बाहेर काढून आत जायचं होतं. यंत्र म्हणजे ओळीने उभी लोखंडी कपाटं. आधीच्या यंत्रांत काचेचे व्हॉल्व्ह असत, ते तापत आणि फटाफट उडत, असं तिथल्या इंजिनिअरने सांगितलं. ट्रान्झिस्टर थंड राहतो. परदेशात मात्र हीही यंत्रं आता मोडीत निघाली होती. आमच्याकडे क्रांती आली, ती दुसरीकडून निवृत्त होऊन.

तोडीची यादी आली. पहिलं नाव अध्यक्षांचं, मग संचालकांची, मग व्याह्यांची. तात्या शेवटच्या पानावर होते. संगणकानेसुद्धा आपल्या परंपरेवर शिक्कामोर्तब केलं, असं अध्यक्ष सभेत म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

आठवड्याने इंजिनिअरचं पत्र आलं. प्रत्येक कार्डात, लागणीच्या तारखेच्या जागी, एक भोक जास्त होतं. यंत्राला एकही तारीख वाचता आली नव्हती, म्हणून त्याने कार्डं सभासद क्रमांकाने लावली होती. तसं कळवल्यास नवी कार्डं करून पुन्हा यादी देऊ, असं त्याने लिहिलं होतं.

मी पत्र अध्यक्षांकडे नेलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं.

"यंत्राच्या निकालात माणसानं ढवळाढवळ करू नये," ते म्हणाले.

पत्र हेडक्लार्ककडे परत आलं. त्यांनी त्याच्या डाव्या कोपऱ्यात दाभणाने भोक पाडलं आणि ते फायलीला लावलं.

तात्यांचा ऊस त्याही वर्षी सगळ्यांच्या शेवटी, एप्रिलच्या अखेरीस तुटला.