आधी नजर, मग बोलणं

भवानी पेठेतल्या मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरता भरता विठाबाईंची उमर गेली. माग सुरू झाले की तिथे शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणूनच त्या कारखान्यात कुणी ओरडत नाही. हात वर करायचा, समोरच्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबायचं, मग ओठ आणि बोटं हलवून सांगायचं. सोयरिकीपासून मयतीपर्यंत सगळं तिथे असंच बोललं जातं. नवा गडी घसा फोडत आला की बाकीचे गालातल्या गालात हसतात.

विठाबाईंची वस्ती रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे, नात बुद्धप्रियाची शाळा पलीकडे. मधे मालगाडी उभी असली की पोरं दप्तर पुढे ढकलून डब्याखालून सरपटत जातात. गेल्या पावसाळ्यात बुद्धप्रिया खाली असतानाच गाडीला हिसका बसला. पोर वाचली, दप्तर चाकाखाली गेलं. विठाबाई रडल्या नाहीत. “हितं पूल झाल्याबिगर मी मरत न्हाय,” एवढंच म्हणाल्या.

पूल आणण्याचा मक्ता कारखान्यातल्याच दोघा मागवाल्यांनी घेतला होता. रत्नदीप दिल्लीतल्या सत्तेवाल्यांचा कार्यकर्ता, जोतीराम विरोधकांचा. दोघांच्या पक्षांनी त्याच जागी वेगवेगळे नारळ फोडले. खोबरं वस्तीने दोन्ही वेळा खाल्लं, पुलाचा मात्र पत्ता नव्हता. अखेर एका खासदारांचा पुलाबद्दलचा प्रश्न लोकसभेत लागला. विठाबाई खाडा करून टीव्हीसमोर बसल्या. प्रश्न पुकारायच्या आतच सगळे उठून ओरडायला लागले आणि कामकाज तहकूब झालं. पुढच्या अधिवेशनात पुन्हा तेच. रत्नदीप म्हणाला, विरोधक गोंधळ घालतात. जोतीराम म्हणाला, सरकार बोलूच देत नाही. कुणाचं खरं, याच्याशी विठाबाईंना आता देणंघेणं उरलं नव्हतं. आपणच मत देऊन पाठवलेली धडधाकट माणसं एक साधा प्रश्न ऐकून घेत नाहीत, याची त्यांना मनापासून चीड आली होती.

तिसऱ्यांदा प्रश्न लागला, तेव्हा त्यांनी मालकाला विचारून कारखान्यातच टीव्ही लावला. माग चालूच होते. पडद्यावर नुसती उघडी तोंडं आणि नाचणारे फलक. जोतीरामने हात वर करून खुणेने विचारलं, काय म्हणतायत? ओठांवरून बोलणं ओळखण्यात विठाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

‘कळंना,’ त्यांची बोटं हलली. ‘कुणी कुणाकडं बगतच न्हाय की.’

सभागृह रिकामं झालं. लगेच रत्नदीप आणि जोतीराम एकमेकांवर ओरडायला लागले, माग चालू आहेत हेही विसरून. विठाबाईंनी हात वर केला आणि तो खाली घेतलाच नाही. एकेक मागवाला वळून बघायला लागला. शेवटी त्या दोघांनाही वळावं लागलं.

‘पूल तुमच्या पक्षांचा, पोर माझी,’ त्यांनी सावकाश सांगितलं. ‘पूल होईस्तवर रोज सकाळी रत्नदीपनं रुळापाशी उबं ऱ्हायाचं, सांजच्याला जोतीरामनं. आज दोगंबी या.’

‘आन् प्रश्न, मावशी?’ जोतीरामने विचारलं.

‘परत लावायचा. तुमच्या दोनी पुढाऱ्यांकडं एकाच रिक्षातनं जायाचं. मी मदी बसते.’

रत्नदीपला हसू आलं, पण मावशी हसत नव्हत्या. त्याने मान हलवली.

संध्याकाळी तिघं रुळांशी पोचले, तर मालगाडी उभीच होती. पलीकडे शाळा सुटली होती. दोन डब्यांमधल्या फटीतून बुद्धप्रिया दिसली. ती खाली वाकत होती. रत्नदीप जिवाच्या आकांताने ओरडला, पण तेवढ्यात इंजिनाने शिट्टी दिली आणि त्याचा आवाज त्यातच विरला.

विठाबाईंनी हात वर केला. जोतीरामने केला. मग रत्नदीपनेही तोंड मिटून हात वर केला.

फटीतून पोरीची नजर त्या हातांवर पडली. आजीकडून खुणा शिकलेली ती पोर. वर केलेला हात दिसल्यावर काय करायचं, हे तिला सांगावं लागत नव्हतं. ती सरळ उभी राहिली आणि मागच्या पोरांना तिने हात आडवा करून अडवलं.

गाडीला हिसका बसला. एकामागून एक डबे निघून गेले, तरी तिघांचे हात वरच होते. रूळ मोकळे झाल्यावर विठाबाईंनी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मगच नातीला ‘ये’ म्हणून खूण केली.